खिंडीतले टाके

एकदा एका डोंगराळ मुलखातल्या पाठशाळेत सारंगधर नावाचा एक विद्यार्थी होता. बुद्धीने तल्लख, अक्षर मोत्यासारखे आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याचा चटकन विश्वास बसावा. त्याच्या वृद्ध आचार्यांचा त्याच्यावर लोभ होता.

त्या वर्षी मार्गशीर्षात गावातल्या काही मंडळींनी ठरवले की आचार्यांसोबत नदीचा उगम पाहून यायचे. गाडीरस्ता नदीकाठच्या एका शांत वळणापाशी संपत असे. तिथून पुढे पायवाट डोंगर चढून खिंडीत जाई आणि खिंडीपलीकडे उगम. एकूण अकरा माणसे निघणार होती. त्यात एक सुखवस्तू व्यापारी व त्याची पत्नी होती आणि साठी ओलांडलेल्या यमुनाकाकूही होत्या. काकूंचे यजमान हयात असताना दोघांचे तिथे जायचे ठरले होते, ते राहूनच गेले होते.

आचार्यांनी सारंगधराला बोलावून सांगितले, "आधी तू एकटा उगमापर्यंत जाऊन ये. वाट पाहा, पाणी पाहा. मग प्रवासाचा आराखडा कर."

सारंगधर गेला. नदीच्या त्या वळणापाशी पोहोचला, तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. पाणी संथ होते, काठावर उंबराची दाट सावली होती. समोरचा चढ मात्र उभा होता. तो सावलीत टेकला. जरा वेळाने एक लाकूडतोड्या मोळी घेऊन तिथून चालला होता. सारंगधराने त्याला थांबवून सर्व विचारून घेतले. खिंड किती दूर, पाणी कुठे, विसाव्याची जागा कोणती. "खिंडीत कातळात कोरलेलं टाकं आहे," तो म्हणाला, "मी वर गेलो त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण पाणी बारमाही." सारंगधराने ते लिहून घेतले, नदीत पाय बुडवून घटकाभर बसला आणि परत आला.

"जाऊन आलास?" आचार्यांनी विचारले.

"हो," तो म्हणाला. इतका लहान शब्द, पण तो उच्चारताना त्याची नजर क्षणभर जमिनीकडे गेली.

आराखडा फार सुरेख झाला. कोणत्या प्रहरी कुठे पोहोचायचे, कुठे विसावा घ्यायचा, खिंडीतल्या टाक्यापाशी भोजन. पाणी तिथे मुबलक असल्याने प्रत्येकाने एकच लहान तांब्या बरोबर घ्यावा, म्हणजे चढावर ओझे होणार नाही, असेही त्यात लिहिले होते. व्यापाऱ्याने तो कागद चारचौघांत वाचून दाखवला आणि सारंगधराची पाठ थोपटली.

ठरल्या दिवशी सकाळी बैलगाड्या नदीच्या वळणापाशी आल्या. मंडळींनी शिदोऱ्या खांद्याला लावल्या. यमुनाकाकूंनी नदीचे पाणी डोळ्यांना लावले. आचार्य सारंगधराच्या शेजारी उभे राहून त्या चढाकडे पाहत होते. त्यांनी सहज विचारले, "खिंडीतले टाके वाटेच्या कोणत्या हाताला लागते रे?"

"उजव्या," सारंगधर क्षणात म्हणाला.

आचार्य एका दगडावर बसले, पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंडळी, आज मी वर जाणार नाही. आणि माझी विनंती आहे, आज कोणीच जाऊ नये."

व्यापारी चिडला. "गुडघे चालत नव्हते तर घरीच सांगायचं होतं, आचार्य! दहा माणसांना पहाटे उठवून इथवर आणलंत ते कशाला?"

आचार्यांनी मान खाली घातली. "आपण म्हणता ते खरे आहे. माझी चूक झाली."

यमुनाकाकू पदराने डोळे टिपत गाडीत जाऊन बसल्या.

सारंगधराला त्या क्षणी काय वाटले? त्याने पुढे स्वतःच सांगितले, की त्याला हायसे वाटले. आपली लबाडी आता उघडी पडणार नाही, एवढेच त्याच्या मनात आले. आचार्यांना बोल लावले जात असताना तो बैलांच्या जुवाशी उगाच काहीतरी करत उभा राहिला.

आचार्यांनी सारंगधराला आपल्याजवळ थांबवून घेतले. गाड्या निघून गेल्यावर त्यांनी वहाणा घातल्या. "चल," म्हणाले, आणि चढ चढू लागले. त्यांचे गुडघे उत्तम चालत होते. सारंगधर मुकाट्याने मागे निघाला. प्रत्येक पावलागणिक त्याला वाटत होते, की हे वळून आपल्यावर रागावतील तर बरे. ते वळले नाहीत.

दोन प्रहरी ते खिंडीत पोहोचले. तिथे टाके नव्हते. दरड कोसळून अर्धी खिंड खाली गेली होती. वाट एका कड्यापाशी येऊन तुटली होती आणि कड्याची माती पायाखाली भुसभुशीत लागत होती. ऊन तापले होते, पाण्याचा मागमूस नव्हता. आपल्या सुबक अक्षरात या जागी लिहिलेले 'भोजन व विश्रांती' हे शब्द सारंगधराला आठवले. तहानलेल्या यमुनाकाकू या कडेशी टाके शोधत पुढे झाल्या असत्या, हेही त्याला दिसले.

"टाके वाटेच्या मधोमध होते," आचार्य म्हणाले. "वाट दुभंगून त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालत असे. तू उजवा हात सांगितलास तेव्हा कळले, की तू आला नव्हतास. पण ही दरड मलाही ठाऊक नव्हती. तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर मी निर्धास्त होतो. तेव्हा लाज मलाही वाटते आहे."

"मग सर्वांसमोर माझा कान का धरला नाहीत? त्यांचे बोल तुम्ही का सोसलेत?"

"मी तिथे विचारले असते, 'तू खरोखर गेला होतास का?' तर तू काय म्हणाला असतास?"

सारंगधर तुटलेल्या वाटेकडे पाहत म्हणाला, "गेलो होतो, असेच म्हणालो असतो."

"आणि मग ते खरे ठरवण्यासाठी सर्वांना घेऊन वर आला असतास. दहा जणांसमोर बोललेल्या असत्यावरून माघार घेणे फार कठीण असते, बाळ. तेवढे बळ तुझ्यात आज नव्हते. म्हातारा थकला, एवढे ऐकून घेण्याचे बळ माझ्यात होते. म्हणून आजचे ओझे मी उचलले. ते कायम माझ्याकडे राहावे की नाही, हे मात्र तू ठरव."

दुसऱ्या दिवशी सारंगधर घरोघर गेला. त्याने कुठेही ऊन, थकवा, लाकूडतोड्या यांची ढाल पुढे केली नाही. "मी गेलो नव्हतो, आणि गेलो म्हणून सांगितले," एवढेच तो म्हणे. व्यापाऱ्याने त्याला उंबरठ्याबाहेर उभे करून सुनावले, ते त्याने पूर्ण ऐकले.

शेवटी तो यमुनाकाकूंकडे गेला. त्यांनी खिंडीतल्या दरडीसकट सर्व ऐकून घेतले.

"म्हणजे आचार्यांचे गुडघे बरे आहेत?"

"हो, काकू."

त्या उठून आत गेल्या आणि एक वाटी घेऊन आल्या. "त्यांच्यासाठी सकाळी निर्गुडीचं तेल कढवलं होतं रे. मेलं मला काल फार वाईट वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सगळे टोचून बोलले आणि मीही गप्प बसले."

सारंगधराला मान वर करवेना. काल तोही गप्प बसला होता, आणि त्याला तर सगळे माहीत होते.

काकूंनी वाटी त्याच्या हातात दिली. "तूच ने हे, तुझ्या पायांना. उगमाची दुसरी वाट शोधायला तुला पुष्कळ चालावं लागेल."

दुसऱ्यांना वाट सांगण्याची वेळ आपल्यावरही येते. तेव्हा आपण स्वतः कुठवर गेलो होतो, हे सर्वांत आधी सांगावे.