न उडालेलं काडतूस

"लुमाला का, तात्या? मला का न्हाई?"

सर्जेराव देसाई पडवीच्या पायरीवर उभा राहून विचारत होता. बूट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

धाकूतात्या गावडे मांडीवर बंदूक घेऊन फडक्यानं नळी पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. केली असती तरी काय दिसणार होतं? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोर माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ठरवायचे.

"बस," तात्या म्हणाले.

सर्जेराव बसला नाही.

ही शिकारीला बंदी यायच्या आधीची गोष्ट. आमच्या घाटमाथ्यावर तेव्हा भातापेक्षा डुकरंच जास्त पिकायची. तात्या गावाचे शिकारी. हाकाऱ्याला कोणी कुठून ओरडत रान उठवायचं, बंदुका कुठं उभ्या करायच्या, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. मी म्हादू. आदल्या साली एका सुळेवाल्या डुकरानं माझी मांडी फाडली, तेव्हापासून हाकाऱ्याला जाणं बंद झालं. मग मी तात्यांची काठी झालो. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचे. एक लंगडा आणि एक आंधळा, गावाला हसायला बरं.

तात्यांचे चेले दोघं. एक हा सर्जेराव, देसायांच्या घरचा. दुसरा लुमा नाईक, लोकांच्या शेतावर राबणारा. सर्जेरावाकडे बापाची विलायती दोननळी होती, तिच्यावर चांदीची वेलबुट्टी. लुमाकडे स्वतःचा कोयता, बस्स. शिकारीच्या दिवशी तात्या त्याला आपली बंदूक द्यायचे.

ती बंदूक म्हणाल तर काय… एकनळी, बोल्टाची. मागचा दांडा उचलून ओढायचा, काडतूस घालायचं, दांडा पुढं सारून खाली पाडायचा. एका वेळी एकच बार. कुणी गोरा साहेब मुलूख सोडून जाताना देऊन गेलेला. दस्ता तडकलेला, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. वाटेवर टाकली असती तरी कुणी वाकून उचलली नसती.

पण तीस वर्षं तात्यांचा हात तिच्यावर फिरलेला. जिथं गाल टेकायचा तिथलं लाकूड काळं पडून चकचकीत झालेलं. सर्जेरावाचा जीव त्या बंदुकीत अडकला होता. माणसाचं असंच असतं. ताटात पुरणपोळी आणि डोळा शेजारच्या भाकरीवर.

आता डोळे गेले म्हणून तात्यांनी बंदूक लुमाच्या नावावर करायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी दोघं तालुक्याला जाऊन कचेरीत अर्ज देणार होते. ज्याच्या हाती ती बंदूक, तोच उद्या गावाचा शिकारी. बंदुकांच्या जागा तोच ठरवणार, आणि देसायांच्या पोरालाही तो सांगेल तिथं उभं राहावं लागणार. हे सर्जेरावाच्या कानावर गेलं आणि तो तसाच उठून आला होता.

"सहा वर्सं झाली," तो म्हणाला. "तुमच्या पायाशी आधी मी आलो. तो माझ्यामागनं आला."

"व्हय."

"तुमच्या दुखण्यात वैद्य मी आणला."

"व्हय."

"मग त्याच्यात असं काय हाय, जे माझ्यात न्हाई?"

तात्या पुसत राहिले…

सर्जेरावाचा आवाज उतरला. तो हळूच म्हणाला, "मला जळतंय तात्या. खोटं कशाला बोलू? तुमी त्याला हाक मारता तरी माझ्या पोटात आग पडती. रातच्याला जेवान जात न्हाई."

मला वाटलं, आता तात्या काहीतरी मायेचं बोलतील. कसलं काय. त्यांनी फडकं झटकलं आणि विचारलं, "परवाच्या हाक्यात काय झालं ते सांग."

सर्जेराव याचीच वाट बघत असावा. तो आता मात्र बसला, चांगली मांडी घालून.

परवाच्या हाक्याला मी आणि तात्या खाली ओढ्याशी बसलो होतो, त्यामुळे वर काय झालं ते आम्ही पाहिलं नव्हतं. एकही बार ऐकू आला नाही, एवढंच कळलं होतं. वर ऐनाच्या झाडाखाली सर्जेरावाची जागा, आणि तिथून चाळीसेक पावलांवर उजवीकडे, खडकाशी, लुमाची.

सर्जेरावानं सगळं बारकाईनं सांगितलं. लुमा आला तो अनवाणी. खडकाला पाठ लावून उभा राहिला. दोनदा त्यानं हाताचा घाम धोतराला पुसला. एकदा कानामागची माशी हाकलली. हाकारे ओरडत वर सरकले तसा त्यानं बोल्ट ओढून काडतूस घातलं. मग त्याच्या समोर कारवीच्या झुडपांत काळी पाठ हलली. तेच डुक्कर, माझी मांडी फाडणारं.

"लुमानं बंदूक उचलली. खांद्याला लावली. नळी हळूहळू माझ्या अंगाला फिरवत आणली. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि नळी खाली केली. एवढ्यावर न्हाई भागलं. बोल्ट उघडला, काडतूस बाहेर काढलं, आणि मुठीत धरून गपकन खाली बसला."

"काडतूस काढलं?"

"काढलं. भरलेली बंदूक रिकामी केली. समोर डुक्कर असताना. असल्या भित्र्याला तुमी तुमची बंदूक देणार?"

तात्यांनी बंदूक बाजूला ठेवली.

"मग डुक्कर कुठं गेलं?"

"गेलं आसंल कुठंतरी."

"कुठनं गेलं?"

सर्जेराव बुटाची नाडी ओढत बसला.

"तुझ्या वाटेवर काय आलं?"

"माझ्या वाटेवर काय बी न्हाई आलं."

तात्या उठले. त्यांनी हात पुढं केला तसा मी खांदा दिला. चला म्हणाले. कुठं ते विचारायची सोय नव्हती. माझी मांडी आधीच ठणकत होती, वर तो चढ. मनात म्हटलं, या देसायाच्या पोटात आग, आणि भाजायचं आम्ही.

ऐनाच्या झाडापाशी पोचेस्तोवर ऊन चांगलं वर आलं होतं. झाडाखाली पाझराची ओल असते, तिथली माती लोण्यासारखी मऊ. तात्या गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागले.

पहिल्यांदा बुटांचे ठसे सापडले. आमच्या गावात खिळ्यांचे बूट घालून हाकाऱ्याला येणारा एकच माणूस. तात्यांनी एका ठशावरून बोट फिरवलं, टाचेपासून चवड्यापर्यंत. मग दुसऱ्यावरून.

"म्हादू, हाकारे कुठनं येत हुते?"

मी म्हटलं, समोरून, दरीतून.

"आनि ह्ये बूट कुठं बघत्यात?"

मी बघितलं. दोन्ही चवडे उजवीकडं होते. खडकाकडं.

सर्जेरावालाही दिसत होतं.

चेल्यांना तात्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. जागेवर उभं राहिलास की समोरची वीस पावलं तुझी. उजवीडावीकडं मान वळवायची नाही, तिथं दुसरा माणूस आहे. बाकीचं सगळं, नेम धरणं, वारा ओळखणं, ते म्हणायचे की हळूहळू येतं. सहा वर्षांत हे एक वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

तात्यांचा हात ठशांच्या मागं सरकत गेला, आणि थांबला.

"हात आण," ते सर्जेरावाला म्हणाले.

सर्जेराव वाकला. तात्यांनी त्याचं बोट धरलं आणि मातीतल्या एका खळग्यात घातलं. दुभंगलेला खूर. खोल. त्याच्यामागं पाचर मारल्यासारखी दोन भोकं. जड जनावर भरधाव गेलं की अशी उमटतात.

मग तात्यांनी त्या खुरापासून बुटाच्या टाचेपर्यंत वीत टाकली. एक वीत आणि वर चार बोटं.

माझ्या मांडीत कळ गेली. त्या डुकराचा सुळा किती लांब आहे, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

सर्जेराव वळून खडकाकडं बघू लागला. मग त्यानं खुरांची वाट बघितली, आपले ठसे बघितले, परत खडक बघितला. तिन्ही एका ओळीत होते.

"मी मधी हुतो," शेवटी तो म्हणाला.

तात्या हात झाडत होते.

"नळी माझ्या अंगाला आली, ती डुकराच्या मागनं… आनि मी मधी हुतो. चुकून बी चाप वढला जाऊ नये म्हनून त्यानं…"

तो मटकन खाली बसला, आपल्याच बुटांच्या ठशांवर. एवढा दांडगा गडी, पण त्या वेळी मला त्याची दया आली. मघाशी शिव्या दिल्या होत्या मनातल्या मनात, त्या परत घेतल्या.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले. चेहरा जरा कडक झाला.

"लुमानं सांगितलं तुमाला ह्ये?"

"लुमा काय बी बोलला न्हाई."

"मग तुमाला कसं कळलं?"

"तू सांगितलंस की. मघाशी, पडवीत. त्याच्या कानामागची माशी बी दिसली तुला."

तात्यांनी कमरेची चंची सोडली. हाक्यानंतर न उडालेलं काडतूस त्याच दिवशी तात्यांच्या हातात परत द्यायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. चंचीत सुपारी, चुना, तंबाखू, आणि तळाशी एक काडतूस निघालं. लाल कागदाचं, पितळी बुडाचं. लुमानं परवा दिलेलं. मुठीतल्या घामानं त्याचा कागद जरासा सुरकुतला होता.

तात्यांनी ते सर्जेरावाच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एक एक करून मिटली.

सर्जेराव त्या मुठीकडं बघत राहिला. उद्या तालुक्याला कोण जाणार, हे त्यानं पुन्हा विचारलं नाही. उलट म्हणाला की दोघांसाठी देसायांची बैलगाडी पाठवतो, चालत जाऊ नका. तात्या बरं म्हणाले.

आम्ही उतरायला लागलो. पुढं मी, माझ्या खांद्यावर तात्यांचा हात, मागं खिळ्यांच्या बुटांचा आवाज. अर्ध्या उतारावर तो आवाज थांबला.

"तात्या, पुढच्या ऐतवारी हाका हाय. मला कुठं उभं करनार?"

"लुमाच्या शेजारी."

"नको तात्या. दुसरीकडं कुठं बी करा." तो म्हणाला. "आजून जळतंय मला. आता तर जास्तच जळतंय. माझी मान पुन्यांदा वळंल."

तात्यांनी माझा खांदा दाबला तसा मी थांबलो. ते मागं वळले नाहीत.

"वळू दे," ते म्हणाले. "शेजारी लुमा हाय."