भिंतीवरची रेघ

एका गावात एक शिंपीण होती आणि आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. घरात आजारपण नव्हतं, चोरी झाली नव्हती. काळजी एवढीच, की धर्मशाळेच्या भिंतीवर तिच्या यमीची रेघ शेजारच्या कुंभारणीच्या भिवाच्या रेघेपेक्षा दोन बोटं खाली होती.

तशी दोन्ही पोरं एकाच श्रावणात जन्मलेली. सकाळी उठायची, कुंभारणीच्या अंगणात अनवाणी माती तुडवायची आणि गुडघ्यापर्यंत बरबटून जेवायला यायची. दोघांत उंच कोण, हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. शिंपिणीनेही नाही, आणि मापं घेणं तर तिचा धंदा.

मग गावात एक चूर्णवाला आला. पहिल्या खेपेला त्याने काहीच विकलं नाही. गेरूचा खडा घेऊन भिंतीशी बसला आणि म्हणाला, "पोरांची उंची मोजून देतो. फुकट." फुकट म्हटल्यावर आया रांगेला लागल्या. एकेका पोराला भिंतीला टेकवून त्याने डोक्यावर रेघ ओढली, शेजारी नाव लिहिलं आणि निघून गेला.

महिन्याने आला तो डबे घेऊन. वाढचूर्ण. धाकटा डबा आणि थोरला डबा.

"खरंच वाढतात का हो पोरं याने?" शिंपिणीने विचारलं.

"मी कुठे म्हणतो घ्या? मी म्हणतो, भिंतीकडे बघा."

तिने बघितलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "कुंभारणीने कुठला नेला?"

"दुसऱ्याच्या घरातलं मी सांगत नाही, ताई." त्याने फडक्याने डबा पुसला. "पण धाकटा काही नेला नाही."

शिंपिणीने थोरला घेतला. कुंभारणीने तोवर कुठलाच नेला नव्हता. शिंपीण पदराखाली डबा घेऊन जाताना दिसली, तेव्हा तीही डबा घ्यायला उठली.

यमी रोज नाक दाबून चूर्ण प्यायची. शिंपीण रोज फीत लावून बघायची. फीत काही खोटं बोलेना.

"भिवाच्या शेजारी उभी राहू नकोस गं," एके दिवशी ती म्हणाली.

"का?"

"बुटकी दिसतेस."

बोलल्यावर तिला वाईट वाटलं. पण बोलून झालं होतं.

दसऱ्याला दुसरी मोजणी होती. आदल्या दिवशी शिंपिणीने चिंध्यांच्या दोन गाद्या शिवल्या आणि यमीच्या जोड्यांत बसवल्या. चूर्णवाल्याने जोड्यांकडे एकदा पाहिलं, शिंपिणीकडे एकदा पाहिलं आणि रेघ ओढली. ती भिवाच्या रेघेच्या चांगली बोटभर वर गेली.

"अगं, आमचाही पितोच की," कुंभारीण म्हणाली. "तू वेगळं काय देतेस?"

खरं सांगायची वेळ हीच होती. जिभेवर आलंही होतं. पण कुंभारणीचा चेहरा असा काही उतरला होता की, देव क्षमा करो, शिंपिणीला तो अजून थोडा वेळ बघायचा होता.

"थोरलाच डबा," ती म्हणाली. "पण नेमाने द्यावा लागतो हो."

चूर्णवाल्याने तिच्यासाठी आपल्या शेजारी पाट मांडला. संध्याकाळपर्यंत त्याची गाडी रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने आणखी एक मागवली.

आता यमीला जोडे काढायची सोय उरली नाही. जोडे घालून मातीत जाता येईना. तशीही तिला हाक मारायला भिवा येईना. त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं, तिच्या शेजारी उभा राहू नकोस. यमी ओट्यावर बसून राही. कुंपणापलीकडे एकट्याच्याच पायांचा आवाज येई.

चौथ्या दिवशी तिने जेवता जेवता विचारलं, "आई, हे किती वर्षं घालायचे?"

शिंपिणीने हातातला घास ताटात ठेवला. ती उठली आणि यमीला घेऊन तडक धर्मशाळेपाशी गेली. तिथे बायांची गर्दी होती. सगळ्यांसमोर तिने पोरीचे जोडे काढले, आतल्या गाद्या ओढून बाहेर टाकल्या आणि तिला अनवाणी भिंतीशी उभं केलं.

"चूर्णाने नाही," ती म्हणाली. "चिंध्यांनी. मी शिवल्या."

मग चूर्णवाला शांतपणे म्हणाला, "बघितलंत? चार दिवस डबा चुकवला, तर उंची कशी उतरते."

आणि खरं सांगते, तीन बाया लगबगीने पुढे सरकल्या.

कुंभारीण मात्र सरकली नाही. तिने खाली पडलेली गादी उचलली, उलटसुलट करून बघितली. "एवढा बारीक टाका माझ्या चोळीला कधी घातला नाहीस."

"चुकलं माझं."

"माझं काय बरोबर आहे? भिवा ते चूर्ण थुंकून टाकतो. मी ते वासराला घालते आणि तुला मात्र पोरगा पितो म्हणून सांगते."

"मग?"

"मग काय, वासरू वाढतंय."

दोघी हसल्या, आधी ओशाळून आणि मग पोट धरून.

या गोष्टीचं तात्पर्य शिंपिणीने घरी जाता जाता यमीलाच सांगून टाकलं: माप घ्यावं ते कपडा बेतायला, मूल बेतायला नव्हे, आणि जो फुकट मापून देतो, तो आधी उणेपण विकतो, डबा नंतर.

यमीने सगळं नीट ऐकून घेतलं. आईबरोबर पुढे चाललेल्या भिवाला तिने थांबवलं, त्याच्या शेजारी ताठ उभी राहिली, त्याच्या डोक्यावर हात ठेवून तो आपल्या डोक्यावर आणला आणि म्हणाली, "आई, हा अजून उंचच आहे. मग आता आपण काय घ्यायचं?"