तारपा आणि पेंढ्याचा वाघ

फार पूर्वी, रानावर साहेबाचा अंमल होता तेव्हा, वारल्यांच्या पाड्यावर वाजणारा भोपळ्याचा तारपा साहेबाने उचलून नेला आणि शहरातल्या संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवला. शेजारी पेंढा भरलेला वाघ उभा होता.

"नशीब काढलंस गड्या!" वाघ म्हणाला. "काच काय, दिवा काय, रोज पुसायला माणूस काय!"

"पण मला फुंकणार कोण?"

"फुंकायचं कशाला? मी तरी डरकाळी फोडतो का?"

लोक येत, क्षणभर बघत आणि पाठ फिरवून निघून जात. पाड्यावर नाचताना तारप्याकडे पाठ करायची नाही, अशी रीतच होती; कुणी कधी ती मोडली नव्हती. हळूहळू त्यालाही वाटू लागलं, की आपण नुसता वाळका भोपळाच.

मग एकदा जिवली नावाची वारलीण आली. तिने पेटीभोवती नाचाचा फेर धरला आणि निघताना तारप्याकडे तोंड ठेवूनच मागे मागे सरकत गेली, ती थेट वाघावर आदळली. त्याच्या पोटातून मूठभर पेंढा सांडला.

"अडाणी कुठली!" वाघ खेकसला. "चालायलासुद्धा शिकली नाही!"

"शिकलीय ना," तारपा खुशीत म्हणाला, "म्हणून तर तुला धडकली."