हिलालआबाची बारी

फार जुनी गोष्ट, इतकी जुनी की आमच्या आजोबांनीही ती ऐकलेलीच. खानदेशातल्या आमच्या गावात हिलालआबा नावाचा पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी शेताशेताला बारीबारीनं वाटणारा. आबानं फावडं आपटलं की पाणी गाईसारखं मान वळवून सांगेल त्या वाफ्यात शिरायचं, असं म्हणतात.

पण आबा थकला. दुसऱ्या कुणी फावडं धरलं की पाणी वाटेतच रुसायचं. आबा गेला तर पाटाच्या शेपटाकडच्या, पार टोकाच्या शेतांनी काय माती खायची? सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं!

मग आबानं काय करावं? भर उन्हाळ्यात एकेकाच्या हाती फावडं दिलं नि आपण आपल्या मिरचीच्या वावरात जाऊन बसला. पहिला आला पाटलाचा पुतण्या. त्यानं पाणी आधी आबाच्या मिरचीला सोडलं. मोठ्या माणसाचा मान नको का ठेवायला? दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा तर आधी पाया पडला, मग सोडलं. दर वेळी मिरची भिजायची आणि पुढं पाणी जागचं हलायचं नाही. आबा मात्र तोंडातून ब्र काढीना. आता का काढीना, हे तुम्हीच सांगा!

शेवटी आली धुरपाबाई, तोंडाची भारी फटकळ. लोक हसले, "हिला पाहून पाणी पळूनच जाईल!" तिनं रीतीप्रमाणं शेपटाकडून सुरुवात केली. इकडं आबाची मिरची करपायला लागली. आबाची बायको कडाडली, "अगं, ज्यानं फावडं दिलं त्याचंच वावर जाळतेस?"

धुरपानं पाणी काही वळवलं नाही. म्हणाली, "आबा, तुमची बारी यायची आहे अजून."

"हीच की गं ती, फावडं धरणारी!" आबा बायकोकडं पाहून खदखदून हसला. आणि पाणी धुरपाच्या टाचेमागं पार शेवटच्या बांधापर्यंत चालत गेलं, असं म्हणतात. मिरची गेली ती गेलीच.

आजही नवा पाटकरी नेमताना जुना आपल्या कोरड्या वाफ्यात बसतो नि पाणी मागतो. नव्यानं "बारी आली की," म्हटलं, तरच फावडं मिळतं. परवा जुना होता सासरा नि नवी होती सून. तिनं पदर सावरला नि तेच म्हणाली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या पाण्याला कुठली आलीय बारी!