ओहोटी लागली, निघा

रस्त्याच्या मधोमध ते गटाराचे झाकण आहे ना, त्यावर पाय देऊ नका. वर हळदकुंकू दिसत नाही का? मागे एकाने नेमकी त्यावरच गाडी लावली आणि वर आम्हालाच विचारतो, गटाराची कसली पूजा करता? गटार तुमचे. आमची ती खाडी आहे.

आखाडातल्या अवसेला सारी मुंबई मटणमासळीवर तुटून पडते. त्या दिवशी आमच्या खांडवाडीत साधी सुकटसुद्धा भाजत नाहीत. बायका दर्यावर जातात, हंड्या भरून आणतात आणि या झाकणावर ओततात. तुम्ही त्याचे फोटो काढता. का ओततात ते कोणी विचारत नाही. आता उभेच आहात तर ऐका.

तेव्हा मुंबई अशी नव्हती. बेटे होती. मध्ये पाणी यायचे, जायचे. आमच्या कोळीवाड्यापुढून खाडी होती, तिच्यातून मचवे थेट दर्यात निघत. घड्याळ कोणाकडे नव्हते. भरतीला ये, ओहोटीला जा, एवढाच हिशेब.

असे सांगतात, एक गोरा साहेब जहाज घेऊन आला. माल उतरवायला जागा पाहिजे म्हणाला. वाड्याचा पाटील होता पोशा. माणूस सरळ, म्हणजे तुमच्या भाषेत बावळट. त्याने आपल्या मचव्याच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, हात ठेवला आणि शब्द दिला.

"भरतीला ये, माल उतरव. ओहोटी लागली का निघायचा. तवर तुला आमचा कोन हात लावनार नाय."

साहेबानेही नाळेवर हात ठेवला. नाळेवरचा शब्द कोळी मोडत नाही. आणि ओहोटी लागणारच नाही, असे दर्यावर जन्मलेल्या माणसाच्या मनात तरी कसे येणार?

साहेब बरेच दिवस शब्दाला जागला म्हणे. भरतीला यायचा, ओहोटीला जायचा. मग त्याला उठबस जड झाली. खाडीच्या तोंडाशी दगड टाकायला लागला. पोशाने विचारले, हे काय? तर म्हणे धक्का बांधतो. दर्याने दगड ओढून नेले. पुन्हा टाकले, पुन्हा नेले. वाड्यातली माणसे काठावर बसून हसायची.

एक दिवस साहेब पोशाकडे आला. म्हणाला, "मी चाललो कायमचा. सामान जहाजावर न्यायला तुझा मचवा दे."

पाटील खूश. ज्याच्या नाळेवर शब्द दिला तोच मचवा त्याने काढून दिला. साहेबाच्या माणसांनी त्यात दगड भरले आणि तो खाडीच्या तोंडात आडवा बुडवला. त्याच्यावर बांध चढवला. या वेळी बांध बसला, कारण खाली आमचा मचवा होता.

बाहेर दर्या, आत आमचे मचवे. आतले पाणी जागच्या जागी उभे राहिले. पोशा धावत गेला.

"साहेब, निघायचा होता ना तुला?"

साहेब खुर्ची टाकून बसला होता. आतल्या पाण्याकडे बोट करून म्हणाला, "ओहोटी कुठाय? लागली की जाईन."

वाड्यातले गडी पहारी घेऊन निघाले. पोशा आडवा झाला. "आधी माझ्यावर घाला. मी नाळेवर हात ठेवलाय."

त्याची आई धावलीबाय म्हातारी होती, पण जीभ कोयत्यासारखी. ती म्हणाली, "शब्द तू दिलास मेल्या, मी नाय दिला. आनि मी त्याला हात बी लावत नाय. त्याला ओहोटी पायजे ना? मी लावते."

तिने नेम धरला. खाडी वाहेपर्यंत तोंडात मासळी घालणार नाही. कोळणीने मासळी सोडणे म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचे. रोज बाहेरच्या दर्याची हंडी भरायची, बांधावर चढायची आणि जिथे मचवा गाडला होता तिथे ओतायची. साहेब हसायचा. "म्हातारे, किती वर्षे?" ती म्हणायची, "तू बस. मी बी बसलेय."

वर्षे गेली. आतले पाणी आटले, चिखल वाळला. मचवे उन्हात फुटले. वाळल्या जमिनीवर कुठली कुठली माणसे येऊन बसली. दुकाने मांडली, भिंती घातल्या.

मग आखाडातली अवस आली. दर्याला उधाण. धावलीबाय हंडी घेऊन वर चढली आणि तिने पाणी ओतले. असे म्हणतात की खाली गाडलेल्या मचव्याच्या फळ्या करकरल्या, तो कुशीवर वळला आणि बांध फुटला. दर्या आत आला. दुकाने, गोणी, साहेबाची खुर्ची, सगळे तरंगले. मग पाणी फिरले. ओहोटी लागली. धावलीबाय त्या पाण्याबरोबर गेली. हंडी तेवढी मिळाली.

साहेब आपल्या बोलाला बांधलेला होता, एवढे त्याला मानले पाहिजे. ओल्या कपड्यांनी जहाजावर चढला आणि गेला. पुन्हा आला नाही.

पोशा आईची हंडी घेऊन उरलेल्या माणसांपुढे उभा राहिला. "ओहोटी लागली. निघा."

एक दुकानदार आपली भिजलेली गोणी पिळत होता. त्याने मानही वर केली नाही. "ज्याने शब्द दिला तो गेला. आम्ही कुठे शब्द दिला होता?" आणि मग त्याने पाटलाला नीट न्याहाळले आणि विचारले, "पण तुम्ही कुठले?"

त्यांनी बांधाला पडलेली खांड पुन्हा बुजवली. त्यावर हा रस्ता केला. शहर म्हणता ना तुम्ही ज्याला, ते हे.

आजही बाहेर भरती आली की या झाकणाखाली पाणी चढते. कान लावा, मचवा करकरतो. आजही अवसेला बायका हंडी ओततात आणि चारी दिशांना तोंड करून ओरडतात, "ओहोटी लागली, निघा!" मागून गाड्या भोंगे वाजवतात. कोणी निघत नाही.

म्हणून आमच्या वाड्यात आल्यागेल्याला बसा म्हणत नाहीत. तुम्हालाही म्हटले नाही. ऐकलेत? खाली पाणी उतरायला लागले.

निघा.