वेळूंदची पणजी

आमच्या वेळूंदात बाळ बघायला गेलेली बाई आधी स्वतःच्या तोंडावर तळहात ठेवते आणि मगच पाळण्यात वाकते. बाहेरून आलेल्यांना वाटतं, खोकला असेल. खोकला नाही. माझं घर गढीला लागूनच आहे, त्यामुळे तिथली चित्रांची भिंत बघायला येणारा आधी माझ्याकडे पाणी प्यायला थांबतो आणि मी विचारायच्या आधीच मला सगळं विचारतो. या, गढीत आत या. खाली बघून चाला, फरशी उचकटली आहे.

ही बघा भिंत. पागोटेवाले पुरुष वर, नथवाल्या बाया खाली. यातलं एकही माणूस कधी जन्माला आलं नव्हतं.

इथला इनामदार राघोजी याला इनाम मिळालं, पण घराणं नव्हतं. बाप कोण, हेच कुणी सांगेना. मुलाची सोयरीक मोठ्या घरी ठरली, तेव्हा व्याह्यांना दाखवायला पूर्वज हवेत म्हणून त्यानं विसा चिताऱ्याला बसवलं. म्हणाला, "मनानं काढ. पण गावातल्या कुणासारखा दिसला, तर व्याही हसतील."

एक चित्र पुरं झालं की भटजी त्याची पूजा करायचे आणि कुणाशी तोंड जुळतंय का हे पडताळायला गाव ओळीनं समोरून जायचं. पहिल्याच आजोबांचं नाक हणमा तेल्याच्या नाकावर गेलं. विसा चित्र पुसायला उठला, तर राघोजी म्हणाला, "पूजा झालेला पूर्वज पुसतात होय रे? तेली पुसा." शिपायानं तिथंच वस्तऱ्यानं हणमाचं नाक उतरवलं. त्यानंतर भिंतीवर जितकी तोंडं चढली, तितकी गावातली बिघडत गेली, असं सांगतात.

विसाला एकच लेक, साळू. आई बाळंतपणातच गेलेली. शेजारच्या तान्हूबाईनं तिला आपल्या अंगावर पाजून वाढवलं. तान्हूबाई मायेची, पण तोंडाची मोकळी. मनात आलं की ओठावर.

शेवटी इनामदाराची पणजी काढायची राहिली. परकी तोंडं काढून काढून विसाचं मन रितं झालं होतं. पूजा आटोपली, दार उघडलं, उजेड पडला आणि त्याला दिसलं, भिंतीवर साळू आहे.

तो घरी आला. चुलीवर भाकरी होती. साळूनं बापाचं तोंड बघितलं आणि तिला समजलं.

"आबा, नाक गेल्यावर मला कोण करून घेईल?"

"बघणारा डाग बघतो बाळ, तोंड बघत नाही."

"मग डोळे मिटू का?"

"मीट."

त्यानं तापलेलं उलथणं तिच्या डाव्या गालावर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी ओळीत साळू आली. गाल सुजलेला, फोड आलेले. राघोजीनं तिच्याकडे बघितलं, पणजीकडे बघितलं. त्याला काही उमगलं नाही. विसानं श्वास सोडला. तेवढ्यात राघोजी म्हणाला, "थांब पोरी. हे झकास दिसतंय. विसा, आमच्या पणजीच्या गालावर असाच वार काढ. लढाईत होती म्हणून सांगू."

"सरकार, पूजा झालीय."

"पुसायला नाही सांगत. भर घालायला सांगतोय. डाव्याच गालावर."

सगळ्यांदेखत विसानं कुंचला उचलला. सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी पापणी हलवली नाही. रेघ पुरी झाली आणि तान्हूबाईचा ऊर भरून आला. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं माझे बाई, ही तर हुबेहूब आपली साळू!"

पुढचं काय सांगायचं. वस्तरा तयारच होता.

लग्न थाटात झालं. व्याह्यांनी सगळ्यांत जास्त कौतुक पणजीचंच केलं म्हणे. नवी सून रोज तिची पूजा करायची आणि पूजेचं पाणी साळू भरायची, पदरानं तोंड झाकून. तान्हूबाई त्या दिवसापासून बोलली नाही. कुणाकडे पाळणा हलला की यायची, तोंडावर हात दाबायची, डोळे भरून बघायची आणि निघून जायची. तिचं बघून बाकीच्या बायाही तसंच करू लागल्या.

ओलीनं बाकीची तोंडं पोपडे धरून गळत चाललीत. पणजीच्या गालावरची रेघ तेवढी अजून ताजी आहे, हात लावू नका.

आजही वेळूंदात मूल कुणावर गेलंय हे कुणी बोलत नाही, आजीसुद्धा नाही. परवा कासारांच्या सुनेचं बाळ बघून आले. काय गोड पोर! नाक तर थेट—

हात ठेवला बाई मी तोंडावर.