उन्हात धरलेली काच

एकदा एका डोंगरगावात एक वृद्ध पाळक राहत होते. तिथल्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी, की पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे देऊळ अंधारात ठेवायचे. मग कुणी एकाने पेटता कंदील घेऊन आत यायचे आणि त्याच्या ज्योतीवर घरोघरचे कंदील उजळायचे. त्या वर्षी हा मान पाळकबाबांची शिष्या एस्तेर हिला मिळाला होता.

मान मिळताच तिने व्रत घेतले. सणाआधीच्या उपासकाळाचे चाळीस दिवस थोरल्या जावेला उलटून बोलायचे नाही. जाऊबाईंना तर प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची. भाकरीत, झाडण्यात, एस्तेरच्या चालण्यातसुद्धा! पहिला आठवडा एस्तेरला स्वतःचे कौतुक वाटले. पण नेम जसा मुरत गेला, तसे मनात उठणारे टोमणे तिला ऐकू येऊ लागले. न बोललेले, पण जहरी. आपण अशा आहोत? तिला धक्काच बसला.

सणाच्या आदल्या दुपारी देवळाच्या मागच्या खोलीत ती कंदिलाची काच राखेने घासत होती. बाबा आले तसे तिचे डोळे भरले.

"बाबा, उद्याचा कंदील जाऊबाईंकडे द्या."

"का गं, पाय दुखतात?"

"चाळीस दिवस नेम केला, आणि सुधारायचं सोडून बिघडलेच. आधी मी एवढी वाईट नव्हते हो."

बाबांनी तिच्या हातातली काच घेतली. "झाली घासून?"

"लखलखीत!"

ते सरळ अंगणात गेले आणि त्यांनी काच भर उन्हात धरली. राखेचे फराटेच फराटे! बोटांचे ठसे वेगळेच. एस्तेर ओशाळली.

"आत तर स्वच्छ होती की गं?"

"आत उजेड कुठाय, बाबा!"

"मग असं करू. हिला आतच ठेवू. जन्मभर स्वच्छ राहील."

एस्तेर हसली, आणि हसता हसता थबकली.

बाबा म्हणाले, "पोरी, डाग उन्हानं पाडले नाहीत, दाखवले. परमपवित्र देवाचा प्रकाश असाच असतो. लांब असलेला माणूस स्वतःला लखलखीत समजतो. तू चाळीस दिवस त्याच्याकडे चालत गेलीस, म्हणून तुला फराटे दिसले. आणि हे बघ, एवढ्या मळक्या काचेतून ऊन आरपार गेलं. मळलं का? पाण्यात माती पडली की पाणी गढूळ होतं. उजेड तेवढा कशानं विटाळत नाही. म्हणून तर प्रभू निःशंक आपल्यात येऊन राहिला. आता पूस काच. पण इथं, उन्हातच बसून पूस."

एस्तेर उन्हात बसली. एकेक फराटा निघाला. काचेच्या गळ्याजवळचा एक जुना करपट डाग मात्र काही केल्या हलला नाही. तिने काच तशीच कंदिलावर चढवली.

पहाटे देऊळ काळोखाने गच्च भरले होते. दार उघडले, ज्योत आत आली, आणि तो सगळा काळोख दोन पावलांत मागे सरला. रीतीप्रमाणे पहिली ज्योत पुढच्या बाकाला द्यायची, पण एस्तेर तिकडे गेलीच नाही. ती आधी जावेपाशी गेली.

"जाऊबाई, मनात फार बोलले मी तुम्हाला. माफ करा. कंदील पुढे आणा."

जाऊबाई गोंधळल्या. त्यांनी कंदील पुढे केला, वात पेटली. सवयीने नजर एस्तेरच्या काचेवर गेलीच. "डाग राहिलाय गं इथं!"

"राहिलाय खरा," एस्तेर मोकळेपणी हसली. "उजेड आहे ना, म्हणून दिसला."

जाऊबाईंनाही हसू फुटले. त्यांनी आपली ज्योत शेजारणीला दिली. बाकामागून बाक उजळत गेले, भिंती सोन्यासारख्या झळकल्या, आणि वेदीजवळून बाबांचा थरथरता आवाज उठला, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे!" सारे देऊळ गरजले. त्यात दोन्ही जावांचा आवाज सर्वांत वर होता.

आपले डाग दिसू लागले, की समजावे, आपण उजेडाजवळ आलो आहोत. तिथून मागे फिरू नये.